मागचे शॉकअप दबेपर्यंत

मामाजी,

आज तुमचं बेअरिंग काढलं. गेल्या दिवाळीपासून आपल्या मोटारसायकलच्या इंजिनातून बारीक गुणगुण यायला लागली होती. इंजिन गाऊ लागलं की ऐकत बसू नये, उघडावं, हे तुम्हीच शिकवलेलं. तरी मी ऐकत बसले. तुमचे चिरंजीव म्हणाले, "गडचिरोलीच्या मिस्त्रीकडे टाकून दे ना, एका दिवसाचं काम हाय." मी म्हटलं, परक्याचा हात लागू देणार नाही, आणि स्वतःचाही लावला नाही. भीती वाटत होती, दुसरं काय. घरात तुमचा कोट आहे, चष्मा आहे, पण त्या नुसत्या वापरलेल्या वस्तू. त्या बेअरिंगला तुमच्या हाताने जागेवर बसवलं होतं आणि ते अजून तिथेच होतं. शेवटी आज सकाळी इंजिनाचं केसिंग, म्हणजे खालचं जड कवच, आपल्या त्याच जर्मनच्या गंजात, त्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, ठेवून तापवलं आणि फडक्याने धरून पालथं केलं. बेअरिंग अलगद खाली पडलं. ठोकावं लागलं नाही, ओढावं लागलं नाही. मी किती तरी वेळ चुलीपुढे बसून राहिले. असं काही झालं की सांगायचं कोणाला, तर तुम्हाला, आणि तुम्हाला जाऊन एक तप होऊन गेलं. म्हणून लिहिते आहे.

मी चामोर्शीहून लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही नुकतेच बल्लारपूरच्या कागद कारखान्यातून रिटायर होऊन कुरखेड्याच्या घरी परतला होता. आमच्या घरी छपरीत धानाची पोती असतात, तुमच्या छपरीत इंजिनं होती. तुमचे भाऊबंद तलावात जाळी टाकत होते आणि तुम्ही मेलेल्या जपानी मोटारसायकली जमवत होता. कोणाच्या गोठ्यात पडलेली, कोणाच्या परसात कोंबड्यांनी घर केलेली. आणायची, खोलायची, पुसायची, चालू करायची, आणि चालू झाली की कोणाला तरी देऊन टाकायची. लोकं म्हणायचे, म्हाताऱ्याला रिटायर झाल्यावर खूळ लागलं. सासूबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी बजावल्या. "त्याईच्या समोर जाशीन तं डोक्यावर पदर घेजो, आन् छपरीतल्या कोन्या नटले हात नको लावू. नट हरपला तं माणूस जेवत नाई." पदराचं मी पाळलं. नटांचं नाही पाळता आलं, कारण हात लावू नको म्हटलेल्या वस्तूला हात न लावता बसणं मला माहेरीही जमलं नव्हतं.

सुरुवात झाली ती रॉकेलमध्ये नट धुण्यापासून. मग पान्हे देणं. आपल्याकडे सून सासऱ्याच्या हातात वस्तू देत नाही, तशी रीतच होती, म्हणून मी पान्हा जमिनीवर ठेवायची आणि तुम्ही तो उचलायचा. बोलणंही तसंच. तुम्ही इंजिनाकडे पाहून म्हणायचा, "दहाचा पान्हा कुठी गेला असन बापा," आणि मी भिंतीकडे पाहून तो ठेवायची. आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. त्या जमिनीवर ठेवलेल्या पान्ह्यांमुळेच मी तुमचे हात पाहिले. पान्हा उचलायच्या आधी तुमचा उजवा हात मांडीवर थरथरत असायचा. चहाच्या बशीत तर चहा राहायचाच नाही. पण तोच हात लोखंडाला लागला की शांत. वाऱ्याने हलणारं पान कोणी बोटाने धरावं तसा. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा हातातली रॉकेलची वाटी तशीच धरून उभी राहिले. नागपूरच्या डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं आणि वर हेही सांगितलं की आज कामात थांबतो तो हात पुढे कामातही थांबणार नाही. तुम्ही घरी येऊन जेवलात, आणि छपरीत जाऊन बसलात.

त्याच उन्हाळ्यात कोणी तरी त्या गाडीची बातमी आणली. राज्याच्या सीमेपलीकडच्या खाणीवर यंत्रं बसवायला जपानी साहेब आले होते, त्यांनी सोबत आणलेली गाडी. ते गेले, गाडी लिलावात निघाली, बांबूच्या एका ठेकेदाराने घेतली. पुढे इंजिन जाम झालं तेव्हा त्याने ती जंगलातल्या एका गावात ठेवली आणि पुन्हा फिरकलाच नाही. आपण टेम्पो करून गेलो. सासूबाईंना मोहफुलं घ्यायची होती, म्हणून आम्ही दोघीही मागे बसलो. गोंडांचं ते लहानसं गाव, सारवलेली अंगणं, आणि एका अंगणाच्या कडेला मोहाखाली ती उभी. टाकी गंजून लाल, सीटमध्ये खारीचं घरटं, आणि पुढचं चाक वारुळात. खरोखर वारुळात. मुंग्यांनी माती चढवत चढवत अर्धं चाक गिळलं होतं. टेम्पोवाल्याने वारूळ फोडायला सब्बल, म्हणजे पहार, काढली तसा घरचा म्हातारा आडवा आला. "गाडी नेऊन टाका. कोंबड्याच बसून राह्यतेत तिच्यावर. वारूळ नाई फोडाचं. ते काई आमाले इचारून नाई बसलं, आन् आमी त्याले इचारल्याबिगर कसं काढाव?" टेम्पोवाला हसला. तुम्ही हसला नाहीत. वारुळापुढे उकिडवे बसून बराच वेळ पाहत राहिलात, मग मागे न पाहता म्हणालात, "सतराचा पान्हा." मी जमिनीवर ठेवला. तुम्ही चाकाचा आस काढला, गाडी मागे ओढली आणि चाक वारुळाला देऊन टाकलं. मूळ पार्टसाठी महिनोन्महिने नागपूरच्या भंगारात फिरणारा माणूस. तुम्ही किती सहज उठलात ते मला अजून दिसतं.

गाडीचं काय द्यायचं, असं तुम्ही विचारलंत. म्हातारा म्हणाला, "काई नाई. चालू झाली तं इथी आनून दाखवजा. ठेकेदार म्हने का लय गोड आवाज हाय तिचा. आमी तं मुकीच पाह्यली." तुम्ही म्हणालात, "आनतो. मीच आनीन." परतताना टेम्पोत तुम्ही उजवा हात डाव्या हाताखाली दाबून बसला होता. तेव्हा मला कळलं की या गाडीचं बाकीच्या गाड्यांसारखं नाही. ही कोणाला तरी देऊन टाकायची गाडी नव्हती. हात आहेत तोवर हिला त्या अंगणात नेऊन उभी करायची होती.

पिस्टन सुटायलाच पावसाळा उलटला. मग बेअरिंग. जुन्याच्या कडेवर एक आकडा कोरलेला, तोच आकडा सांगितला तर नागपूरच्या दुकानदाराने मागे न वळता फळीवरून डबी काढली म्हणे. तुम्ही ती डबी घेऊन छपरीत आलात आणि इंजिनाला सांगितलंत, "आकडा साऱ्या दुनियेत एकच ठेवला पाह्य. इतके देश, इतक्या लढाया, पन या आकड्यावर भांडन नाई." बसवायचं कसं, तर केसिंग तापवायचं म्हणजे भोक केसभर मोठं होतं, बेअरिंग बर्फात ठेवायचं म्हणजे ते केसभर आक्रसतं. ठोकायचं नाही. "हातोडी मारली तं त्याले आयुष्यभर दुखते." बर्फ मिळाला बाजारातल्या मासळीच्या पेटीतून, त्यामुळे बेअरिंगला वाम माशाचा वास. आणि केसिंग सारखं कसं तापवायचं, यावर मी भिंतीला सांगितलं की माझी माय मुरमुरे फोडायला चुलीवर रेती तापवते, रेतीचा ताव चारी बाजूंनी एकसारखा लागतो. तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलंत. मी पदर ओढून घेतला.

कढईत रेती तापली. मी धानाचे चार दाणे टाकले, ते तडतडून फुटले, तशी कढई थोडी उतरवली आणि केसिंग रेतीत रोवलं. तुम्ही बर्फातून बेअरिंग काढलं, कोरडं केलं. हात थरथरत होता. भोकाच्या वर आणलं, लोखंड हातात होतं, हात थांबला. तुम्ही बोटं सोडली. बेअरिंग आत गेलं आणि तळाला लागून एक लहानसा आवाज झाला, टक. बस्स. एवढं जड लोखंड, आणि ते घरी आल्यासारखं आत जाऊन बसलं. क्षणभराने केसिंगने त्याला असं धरलं की उलटं केलं तरी हलेना. मामाजी, मी तोवर लग्न पाहिलं होतं, बाळंतपण पाहिलं होतं, पुरात तलाव फुटताना पाहिला होता. पण अंगावर असा काटा आला नव्हता. तुम्ही केसिंगवर हात ठेवून म्हणालात, "कोन्या देशातल्या कोन्या मानसानं हे भोक पाडलं असन. त्याले मी मालूम नाई, हे गाव मालूम नाई. पन त्यानं कसर नाई केली." मी न राहवून सरळ तुम्हालाच म्हटलं, "तो आता जिता असन का?" तुम्ही म्हणालात, "त्याचं काम तं जितं हाय." सासूबाई आतून म्हणाल्या, कढई घासून द्या.

आणि मग रेतीने दगा दिला. सगळं जोडल्यावर तुम्ही बेअरिंगमधला दांडा हाताने फिरवून पाहिलात, कान जवळ नेलात, आणि तुमचा चेहराच बदलला. "बाई, तू फिरव." मी फिरवला. बोटाला लागली एक बारीक कर्र. रेतीचा एकच कण. मुरमुऱ्यातली रेती चाळणीने निघते, इंजिनातली निघत नाही. मुरमुरे फोडणाऱ्यांच्या गावातच होईल अशी ही चूक, आणि ती दोघांची होती, त्यामुळे कोणी कोणाला बोललं नाही. पुन्हा सगळं खोलायचं. तापवून बेअरिंग पाडायचं, पेट्रोलमध्ये धुवायचं, पुन्हा पहिल्यापासून. मला त्या इंजिनाची चिंता नव्हती. मी तुमचा हात पाहत होते. जोडणीतच दिवाळी गेली होती, आणि तेव्हापासून तो पान्हा धरल्यावरही थांबत नव्हता.

दुसऱ्या वेळी मी अक्कल शिकले होते. रेती कढईत, रेतीत गंज, गंजाच्या आत केसिंग आणि वर झाकण. रेतीचा ताव लागेल, रेती लागणार नाही. पाण्याचा थेंब टाकला, तो केसिंगवर नाचला. तुम्ही बेअरिंग उचललं आणि हात हलतच राहिला. भोकावर आणलं, हलतंय. मागे घेतलं. पुन्हा आणलं. एकदा का तिरपं पडलं की अडकलं, मग हातोडीशिवाय निघत नाही. तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "तू टाक."

"नाई. तुम्हीच टाका."

"मले जमून नाई राह्यलं. दिसत नाई का तुले?"

सासूबाई दारात उभ्या होत्या. पदर, रीत, भिंत, सगळं त्यांनीच शिकवलेलं. त्या म्हणाल्या, "बर्फ इतळून राह्यला. दोघं मिळून टाका, आन् मले चूल मोकळी करून द्या."

मी हात पुढे केला. तुम्ही बेअरिंग माझ्या तळव्यात ठेवलंत, जमिनीवर नाही, आणि माझ्या बोटांवर तुमची बोटं ठेवलीत. तुमचा थरथराट माझ्या कोपरापर्यंत आला. बेअरिंग इतकं गार की बोटं बधिर होत होती, खालून केसिंगची धग, आणि मधे दोघांचे हात. मी दुसऱ्या हाताने आपलं मनगट घट्ट धरलं. कोणाचा हात कोणी थांबवला हे मी आजही सांगू शकत नाही. बोटं सुटली. टक. तुम्ही लगेच हात काढून घेतलात आणि मीही पदर सारखा केला. जन्मभरात तुमचा हात मला तेवढाच एकदा लागला.

इंजिन चालू झालं तो दिवस वेगळा सांगत नाही. शेजारच्या चार घरांची माणसं येऊन उभी राहिली होती, एवढं पुरे. ठेकेदार खोटं बोलला नव्हता. पण तुम्हाला हँडल धरता येत नव्हतं. तुम्ही एक दिवस जेवताना भाताकडे पाहून म्हणालात, "सून चालवीन, मी मांगं बसीन." तेव्हा कुरखेड्यात बाईने मोपेड चालवली तरी लोकं वळून पाहायचे. इथे तर सून पुढे आणि सासरा मागे. सासूबाई भात वाढता वाढता म्हणाल्या, "डोक्यावरचा पदर चाकात जाईन. कमरेत खोचून घे."

तलावाच्या पाळीवर शिकले. तुम्ही मागे बसताना ना बोलायचा, ना खांद्याला हात लावायचा. मागचं कॅरिअर धरून बसायचा. पहिल्याच दिवशी मी आरशात पाहिलं, तुम्ही दिसला नाहीत, बसला असाल असं धरून क्लच सोडला. तुमचा एक पाय अजून जमिनीवर होता. तुम्ही बेशरमच्या झुडपात. मी गाडी टाकून धावले आणि चार हातांवर थबकले, कारण उठवायला हात द्यायचा तरी कसा. तुम्ही स्वतःच उठलात, धोतर झटकलं. तुम्ही मला तेवढंच एकदा रागावलात. "आरशात का पाहतं? मानूस बसला का नाई ते आरसा नाई सांगत. मागचे शॉकअप दबतेत, ते आपल्या बुडाले समजते. वजन आल्याबिगर क्लच सोडाचा नाई. कधीच नाई." मी मान हलवली. त्या दिवसापासून मी क्लच दाबून, श्वास धरून थांबायची. शॉकअपच्या स्प्रिंगा दबून गाडी मागे जराशी खाली बसायची. तेवढ्यावरून मला कळायचं की तुम्ही आहात.

हिवाळ्यात आपण गेलो. दोन्ही बाजूंना सागाची जाड पानं गळून पडलेली, त्यांवरून गाडीचा आवाज परत येत होता. अंगणात पोहोचलो तेव्हा म्हातारा बाजेवर उन्हात बसला होता. मी गाडी चालूच ठेवली, तुम्ही उतरलात. तो उठून आला, टाकीवर हात ठेवला आणि डोळे मिटून ऐकत राहिला. त्याच्या घरची बायकामाणसंही येऊन थांबली. मग तो म्हणाला, "बोलली." आणि तुम्हाला हाताला धरून वारुळाकडे घेऊन गेला. वारूळ कमरेएवढं झालं होतं, चाक पूर्ण आत गेलेलं, फक्त एका तुटक्या आऱ्याचं टोक बाहेर. दोघं म्हातारे त्याच्यापुढे उभे होते, एकाचा थरथरता हात दुसऱ्याच्या हातात. परतताना वाटेत तुम्ही मागून काही म्हणालात. वाऱ्यात मला ऐकू आलं नाही आणि पुन्हा विचारायची माझी हिंमत झाली नाही. काय म्हणाला होतात?

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. गाडी मी ठेवली. बाकी गाड्यांसारखी दिली नाही, त्याबद्दल तुम्ही काय म्हणाला असता ते मला ठाऊक आहे, तरी दिली नाही. हल्ली नागपूरहून हौशी लोकं येतात, चांगले शिकलेले, जुन्या जपानी गाड्यांवर जीव टाकणारे. गुडघ्यावर बसून इंजिन पाहतात, हात फिरवतात, आणि मग त्यांची नजर पुढे जाते. "सगळं ओरिजिनल आहे, पुढचंच चाक दुसरं का?" मी सांगते, ओरिजिनल वारुळात आहे. ते हसतात. मग मी चहा टाकते आणि सगळी गोष्ट सांगते, हाताची सोडून.

आज नवं बेअरिंग बसवलं. आकडा तोच, डबी नवी. आता बर्फ घरच्याच फ्रिजमध्ये होतो, मासळीचा वास नाही. एकटीने धरलं, एकटीने सोडलं, आणि ती टक तशीच आली. जुनं पुसून तेलाच्या फडक्यात बांधून सीटखाली ठेवलं आहे, पान्ह्यांसोबत. हे पत्रही तिथेच ठेवीन, कारण याला टाकायला पोस्ट नाही.

संध्याकाळी गाडी अंगणात काढली. दोन किकमध्ये चालू झाली, गुणगुण गेलेली. मी पदर कमरेत खोचला, बसले, क्लच दाबला, गिअर टाकला. आणि थांबले. तुमचे चिरंजीव ओट्यावरून पाहत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "काऊन थांबली? कोनाची वाट पाहून राह्यली?"

मी म्हटलं, इंजिन गरम होऊन राह्यलं. ते खोटं होतं, मामाजी.